जीपची बॅटरी खातं कोण?

दोस्तांनो, चोर पकडायच्या गोष्टी तुम्हाला आवडतात ना? मग आज ‘उघडून बघू या’मध्ये तशीच एक गोष्ट सांगतो. या गोष्टीतला चोर रोज रात्री यायचा. कुलूप तोडायचा नाही, पावलाचा ठसा ठेवायचा नाही, दारातलं कुत्रंसुद्धा त्याच्यावर भुंकायचं नाही. चोरायचा काय, तर जीपच्या बॅटरीतली वीज! आणि आळ आला होता एका आठवीतल्या पोरावर. पोर बिचारं सांगून सांगून थकलं होतं, पण त्याचं ऐकतो कोण?

गोष्ट घडली आहुप्याला. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर लागतं. तिथून आत वळलं की घोडेगाव, म्हणजे आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. त्याच्या पुढे डिंभे धरण. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वळणं घेत घेत रस्ता सह्याद्रीच्या माथ्यावर जातो. जिथे रस्ता संपतो आणि एकदम खाली कोकण दिसायला लागतं, तिथे आहुपे. कड्यावर उभं राहिलं की समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, आणि पायाखाली खोल ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका. जुन्या काळी माणसं आहुपे घाटानं पायीच वरखाली करायची. घोड नदीही याच डोंगरात उगम पावते. गावाला जुनी देवराई आहे, भीमाशंकरचं अभयारण्य जवळ आहे, आणि नशीब चांगलं असेल तर झाडावरून झाडावर उडी मारणारं शेकरू दिसतं.

डिसेंबर महिना होता. मी देवराई बघायला म्हणून चार दिवस गेलो होतो. उतरलो होतो गावातल्या एका ओळखीच्या घरी. घरात ड्रायव्हरमामा, मामी, म्हातारी आजी आणि दोन मुलगे. मामांची एक जुनी डिझेल जीप. आता तुम्ही शहरातली मुलं म्हणाल, जीप म्हणजे काय मजा! पण कड्याच्या टोकावरच्या गावात जीप ही मजेची वस्तू नसते. बाजाराला जायचं, हिरड्याची पोती खाली न्यायची, आजाऱ्याला घोडेगावच्या दवाखान्यात पोचवायचं, सगळं तिच्यावर. एसटी आहे, पण तिची वेळ ठरलेली. रात्री-अपरात्री मात्र जीपच.

आणि नेमकी हीच जीप पावसाळ्यापासून दगा देत होती.

‘‘काय सांगू मास्तर,’’ पहिल्याच संध्याकाळी मामा म्हणाले, ‘‘रोज फेरी असली की एकदम झकास. पण दोन दिवस उभी ऱ्हायली की खलास! सेल्फ मारला की नुसता टक टक आवाज. नवी बॅटरी घातली दिवाळीआधी. महिनाभरात तिचीबी तीच गत. परवा रात्री शेजारच्या म्हातारबाबांना दम्याचा झटका आला. जीप चालू हुईना. नशीब, उतारावर लावली हुती. आठ-दहा जणांनी ढकलली, तवा कुठं निघाली.’’

म्हातारबाबा वाचले, आता बरेही आहेत. पण त्या अर्ध्या तासाची आठवण काढली तरी मामींच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

‘‘मग कारण काय सापडलं?’’ मी विचारलं.

‘‘कारण हे काय, हितं बसलंय!’’ मामांनी धाकट्याकडे बोट दाखवलं. ‘‘सांजच्याला जीपमधी बसून टेप लावतो. दिवा लावून ठेवतो. दोन महिने झालं, जीपला हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय.’’

धाकटा खाली मान घालून बसला होता. हळूच म्हणाला, ‘‘आबा, मी दोन महिने हातच नाही लावला. तरी उतरतीय ना बॅटरी?’’

बघा हं मुलांनो, त्या पोरानं किती नेमका मुद्दा मांडला होता! संशयित दोन महिने जागेवर नाही, आणि चोरी चालूच. मग चोर दुसराच कोणी असणार. पण रागाच्या भरात मोठ्या माणसांनाही असा साधा हिशेब सुचत नाही. मी ठरवलं, देवराई जरा नंतर. आधी हा तपास.

बॅटरी म्हणजे विजेचा रांजण

तपास करायचा तर आधी चोरीचा माल ओळखायला हवा. मोटारीच्या बॅटरीत असतं तरी काय?

१८५९ साली गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाचे पत्रे आणि पाणी घातलेलं गंधकाम्ल वापरून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. आजही बहुतेक मोटारींत तिचीच सुधारलेली आवृत्ती असते. आत सहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या, आणि त्या आम्लात बुडालेल्या. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होत जातं. बॅटरी भरताना याच्या बरोबर उलट घडतं.

भरलेला एक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. मग सहा कप्पे किती देतील? करा गुणाकार. १२.६ व्होल्ट! म्हणजे जिला आपण ‘बारा व्होल्टची बॅटरी’ म्हणतो ती पूर्ण भरलेली आणि काही तास शांत ठेवलेली असेल, तर मीटरवर १२.६ च्या आसपास आकडा दिसतो. १२.४ दिसला तर ती पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेला की रांजणाचा तळ दिसायला लागला म्हणून समजा.

रांजणात किती पाणी मावतं ते आपण लिटरमध्ये सांगतो. बॅटरीत किती वीज मावते ते सांगतात अँपिअर-तासात. मामांची बॅटरी होती ६० अँपिअर-तासांची. म्हणजे हिशेबापुरतं असं धरा, की १ अँपिअरची धार सोडली तर ती ६० तास पुरेल, २ अँपिअरची सोडली तर ३० तास.

आणि सेल्फ? तो मोठा खादाड. इंजीन फिरवताना शंभर-दोनशे अँपिअर, कधी त्याहूनही जास्त ओढतो. पण किती वेळ? फक्त दोन-चार सेकंद! हा सेल्फसुद्धा सुरुवातीला नव्हताच. पूर्वी मोटारीच्या नाकात लोखंडी हँडल घालून ते गरागरा फिरवावं लागायचं. इंजिनानं उलटा झटका दिला की हँडल हातावर बसायचं आणि हाडं मोडायची. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ बनवला. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत तो बसवला गेला, आणि हँडलची कटकट हळूहळू गेली. पण एक नवी जबाबदारी आली. बॅटरी भरलेली हवी!

पहिला संशयित : बॅटरी स्वतः

माझ्या पिशवीत एक मल्टिमीटर नेहमी असतो. छोटंसं यंत्र, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही मोजतं. मी वहीत संशयितांची यादी केली. एक, बॅटरीच खराब. दोन, दमट हवा (गावात सगळे म्हणत होते, ‘पावसात बॅटरी बाधली’). तीन, बॅटरी भरणारा डायनॅमो नीट भरत नाही. चार, धाकट्याचा टेप. पाच, दुसरं काहीतरी, जे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही.

हे पाचवं नाव यादीत नेहमी ठेवायचं बरं का! नाहीतर जो ठाऊक आहे त्याच्याच गळ्यात आपण चोरी बांधतो.

त्या संध्याकाळी मामा फेरीवरून आले होते. इंजीन चालू असतानाच मी बॅटरीवर मीटर धरला. आकडा आला १४.१. शाबास! इंजीन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. म्हणजे डायनॅमो बॅटरी भरत होता. मी वहीत तिसऱ्या नावापुढे लिहिलं, ‘भरण्याचं काम ठीक.’ (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.)

मग इंजीन बंद करून मी मामांना बॅटरीची काळी, म्हणजे ऋण टोकाची वायर सोडवायला लावली. जीप दोन दिवस उभीच राहणार होती. बॅटरी आता जीपपासून तुटलेली. मी धाकट्याला विचारलं, ‘‘यातून काय कळेल, सांग?’’

तो विचार करून म्हणाला, ‘‘वायर नसतानाबी बॅटरी उतरली, तर खोट बॅटरीतच. नाही उतरली, तर जीप खातीय.’’

अगदी बरोबर! रांजण गळका आहे की कुणी त्यातलं पाणी उपसतंय, हे ओळखायचं असेल तर रांजणाजवळ कुणाला जाऊच द्यायचं नाही. तरी पाणी कमी झालं तर रांजण गळका.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर जीपभोवती जमलं. आजीसुद्धा घोंगडी पांघरून अंगणात आली. मी मीटर धरला. १२.६! वायर जोडली, मामांनी सेल्फ मारला, आणि जीप पहिल्या झटक्यात चालू. बॅटरी निर्दोष सुटली. आणि दमट हवाही सुटली, कारण हवा तर त्या दोन रात्रींतही तीच होती. मामा डोकं खाजवत म्हणाले, ‘‘म्हंजी नवी बॅटरी उगाच घेतली म्हणायची.’’

धार किती मोठी?

त्या दिवशी मामा बाजाराची फेरी करून आले. रात्री वायर जोडलेलीच ठेवली. किल्ली काढलेली, दारं बंद, दिवे बंद. चोराला मोकळं रान!

सकाळी मोजलं तर १२.४५. एका रात्रीत रांजण थोडा उतरला होता. चोर येऊन गेला होता तर!

आता धार मोजायची होती. व्होल्ट मोजताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांना नुसता टेकवायचा असतो. पण अँपिअर मोजायचे तर वीज मीटरच्या पोटातून गेली पाहिजे. पाण्याचा मीटर कसा नळाच्या वाटेतच बसवतात, तसं. म्हणून काळी वायर पुन्हा सोडवली, आणि बॅटरीचं ते टोक आणि सुटलेली वायर यांच्या मध्ये मीटर जोडला, तोही दहा अँपिअरच्या भोकात पिन घालून. अशा वेळी किल्ली मुळीच फिरवायची नाही. सेल्फची शेकडो अँपिअरची लाट मीटरमधून गेली तर मीटरचा फ्यूज उडालाच!

धाकट्यानं आकडा वाचला, ‘‘शून्य पॉइंट आठ तीन.’’

०.८३ अँपिअर. कमी वाटतंय? हिशेब करू या. तासाला ०.८३, तर चोवीस तासांत जवळजवळ २०. बॅटरी ६० ची. म्हणजे दोन दिवसांत ४० गेले, उरले २०. त्यात डिसेंबरची थंडी. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातलं तेल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जोर जास्त लागतो. मग टक टक आवाज येणार नाही तर काय होईल? ‘दोन दिवस उभी राहिली की खलास’ या मामांच्या वाक्याचा अर्थ आकड्यात मिळाला.

अजून एक गंमत. समजा सेल्फनं २०० अँपिअर ३ सेकंद ओढले. तेवढी वीज हा ०.८३ वाला चोर किती वेळात पळवतो? फक्त बारा मिनिटांत! जोरात ओरडून खाणाऱ्यापेक्षा रात्रभर गुपचूप कुरतडणारा उंदीर जास्त नुकसान करतो, तसं.

चांगल्या गाडीत उभ्या-उभ्या थोडी वीज खर्च होतेच. घड्याळ असतं, टेपची आठवण असते, नव्या गाड्यांत छोटे संगणक असतात. पण ती धार साधारण ०.०५ अँपिअरच्या आत असावी. इथे होती तिच्या सोळापट!

एका वेळी एकच

आता चोराचं घर शोधायचं. जीपमध्ये फ्यूजची एक पेटी असते. एक फ्यूज हेडलाइटचा, एक हॉर्नचा, एक टेपचा, असं. एकेक फ्यूज काढायचा आणि मीटरकडे बघायचं. ज्या फ्यूजला आकडा धप्पकन खाली येईल, त्या वाटेवर चोर.

इथे एक नियम काटेकोर पाळायचा. एका वेळी एकच फ्यूज. काढला, आकडा लिहिला, परत बसवला, मग पुढचा. दोन-तीन एकदम उपटले तर आकडा कशामुळे बदलला ते कळणारच नाही.

ही रीत नुसती जीपवाल्यांची नाही बरं का. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या आहेत आणि एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. त्यात माणसांच्या यंत्रांमधून निघालेल्या लहरी मिसळल्या की घोटाळा होतो. मग तो गोंगाट येतो कुठून, हे शास्त्रज्ञांनाही असंच एकेक करून शोधावं लागतं. दुर्बीण असो नाहीतर जीप, तपासाची शिस्त तीच.

धाकटा वही घेऊन बसला. हेडलाइटचा फ्यूज काढला, ०.८३. हॉर्नचा, ०.८३. आतल्या दिव्याचा, ०.८३. मग आला टेपचा फ्यूज. अंगणात एकदम शांतता. मी तो काढला.

०.८२.

म्हणजे टेप खात होता फक्त ०.०१ अँपिअर, तोही स्टेशनं लक्षात ठेवायला. मी धाकट्याला म्हटलं, ‘‘कर हिशेब. नुसता टेपच बॅटरी खात असता, तर ६० अँपिअर-तास किती पुरले असते?’’

त्यानं वहीत भागाकार मांडला. ६,००० तास. त्याला २४ नं भागलं. २५० दिवस! पोरानं मान वर करून वडिलांकडे पाहिलं. काही बोललं नाही. मामांनी घसा खाकरला आणि उगाचच बॉनेटवरची धूळ पुसली.

पण चोर अजून सापडला नव्हता. शेवटचा फ्यूज झाला. मग खात्रीसाठी सगळे फ्यूज काढून बघितले. आकडा ०.८२! पेटी रिकामी, आणि चोरी चालूच!

यादीत नसलेली वाट

आता काय? इथे पुष्कळ जण कंटाळून सोडून देतात. पण जरा थांबा. ‘सगळे फ्यूज काढूनही वीज जातेय’ हा सुद्धा मोठा पुरावाच आहे. तो सांगतो, की चोर फ्यूजपेटीच्या वाटेनं येतच नाही. मग बॅटरीपासून अशा कोणत्या जाड वायरी निघतात, ज्या फ्यूजपेटीला वळसा घालून जातात?

या जीपमध्ये अशा दोन होत्या. एक सेल्फकडे जाणारी. दुसरी डायनॅमोकडे जाणारी.

‘‘मास्तर,’’ धाकटा एकदम म्हणाला, ‘‘सकाळी मी पट्टा बघायला हात घातला तवा डायनॅमो कोमट लागला. बाकी इंजीन तर बर्फावानी गार हुतं.’’

ऐकलंत? रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या जीपचा एकच भाग कोमट! वीज जिथे खर्च होते तिथे उष्णता निर्माण होते. १२ व्होल्ट गुणिले ०.८३ अँपिअर म्हणजे साधारण १० वॅट. तेवढ्यानं थंडीच्या सकाळी डायनॅमोचं अंग हाताला कोमट लागणारच. पोरानं मीटरशिवाय, नुसत्या हातानं चोराचा माग काढला होता.

बॅटरीची वायर सुटी होतीच. मामांनी डायनॅमोची जाड वायर काढली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, सगळे फ्यूज परत बसवले, आणि मीटर पुन्हा जोडला.

०.०१.

‘‘सापडला!’’ धाकटा ओरडला.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे? डायनॅमो तर बॅटरी भरतो. आपणच १४.१ आकडा बघितला होता. मी वहीत ‘भरण्याचं काम ठीक’ असं लिहिलं, ते खरंच होतं. पण ‘रात्री तो काय करतो’ हा प्रश्न मी तेव्हा विचारलाच नव्हता. चूक माझी.

गाडीतल्या या डायनॅमोला खरं तर अल्टरनेटर म्हणायला हवं. त्यात तयार होणारी वीज सारखी पुढे-मागे हेलकावे खाते. बॅटरी भरायला एकाच दिशेची वीज लागते. म्हणून डायनॅमोच्या मागच्या बाजूला डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे विजेचा एकमार्गी दरवाजा. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आठवा. पंपानं हवा आत जाते, पण बाहेर येत नाही. तसंच डायोडमधून वीज डायनॅमोकडून बॅटरीकडे जाते, उलट येत नाही. पण व्हॉल्व्ह खराब झाला तर? दिवसा पंप मारताना ट्यूब फुगते, आणि रात्री फुस्स! इथे एक डायोड असाच गळका झाला होता. दिवसा डायनॅमो बॅटरी भरायचा आणि रात्री त्याच वाटेनं वीज परत डायनॅमोच्या गुंडाळ्यांत जाऊन नुसती उष्णता होऊन संपायची.

मी हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात आजी घोंगडीतून म्हणाली, ‘‘म्हंजी कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं!’’

इतकी पानं खर्चून मी जे सांगितलं, ते आजीनं एका वाक्यात सांगून टाकलं.

जाड वायर परत जोडून मामा त्याच दिवशी घोडेगावला गेले. तिथल्या मिस्त्रीनं डायनॅमो खोलून डायोडची प्लेट बदलली. नव्या बॅटरीच्या मानानं खर्च अगदी किरकोळ. संध्याकाळी मी पुन्हा धार मोजली. ०.०१.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. मामा मला सोडायला येणार होते. जीपजवळ आल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली, क्षणभर हातात घोळवली, आणि धाकट्यापुढे धरली.

‘‘घे. सेल्फ तू मार.’’

माफी मागायची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते. धाकट्याला ती कळली. त्यानं गिअर काढलेला आहे ना ते बघितलं, हँडब्रेक बघितला, किल्ली फिरवली, आणि जीप एका झटक्यात चालू झाली.

सांभाळून बरं का!

ही गोष्ट वाचून लगेच बाबांच्या गाडीचं बॉनेट उघडायला धावू नका. मोठं माणूस बरोबर हवंच. बॅटरीत आम्ल असतं, आणि ती भरताना पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा काडी नको. हातातली अंगठी, कडं, बांगडी काढून ठेवायची. वायर सोडताना आधी काळी, जोडताना शेवटी काळी.

आई-बाबांसाठीही दोन गोष्टी. नव्या गाड्यांतले संगणक गाडी बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत. त्यामुळे मोजण्याआधी अर्धा-पाऊण तास थांबावं, नाहीतर निष्पाप गाडीवर आळ यायचा. आणि नंतर बसवलेल्या वस्तू, म्हणजे कॅमेरा, चार्जर, मोठा स्पीकर, आधी तपासाव्यात. त्यांची वायर कधीकधी थेट बॅटरीला जोडलेली असते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतल्या नारिंगी जाड वायरींना मात्र कुणीच हात लावायचा नाही. तिथला दाब बारा व्होल्टचा नसतो, शेकडो व्होल्टचा असतो.

करून बघा

जीप नसली म्हणून काय झालं? चोर तुमच्या घरातही असेल! घराच्या विजेच्या नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी आकडा लिहिलेला असतो. उदाहरणार्थ ३२००, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. मोठ्यांना सांगून घरातली सगळी बटणं बंद करा. टीव्ही मात्र नुसता रिमोटनं बंद करा, भिंतीवरचं बटण चालूच ठेवा. मीटरला हात न लावता दहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मग टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा मोजा. तसंच चार्जरचं, इंटरनेटच्या डबीचं. पण एका वेळी एकच! दहा मिनिटांत दहा लुकलुका झाल्या, तर महिन्याला साधारण साडेतेरा युनिटं नुसती बसल्या जागी जातात. हिशेब तुम्हीच करून बघा.

या वेळचं कोडं

शुक्रवारी रात्री ८ वाजता एका गाडीच्या डिकीतला ६ वॅटचा दिवा चुकून चालू राहिला. बॅटरी १२ व्होल्टची, ३६ अँपिअर-तासांची आणि पूर्ण भरलेली. तर ती निम्मी कधी होईल? वार आणि वेळ दोन्ही सांगा. उत्तराबरोबर तुमच्या घरातल्या चोराचं नावही पत्रात लिहा. मात्र आळ घेण्याआधी मोजायला विसरू नका हं!